३३ व्या वर्षी नर्सिंग सीईटीचा क्लास लावला, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ३ स्टार)

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. पुण्यातलाच आहे, खाली झेरॉक्सवाला आणि वरचे दोन मजले क्लास, अशा जागा पुण्यात शंभर असतील त्यामुळे ओळखत बसू नका. नाव न लिहायचं कारण म्हणजे काही गोष्टी खरंच वाईट होत्या आणि एक गोष्ट इतकी चांगली होती की त्या एकीसाठी मी परत पैसे भरीन. तर दोन्ही लिहितो.

मी एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. अकरा वर्षं. बॅग, टाय, डॉक्टरांच्या ओपीडीबाहेर दीड तास बसून चाळीस सेकंदांत औषधाची माहिती सांगणं, आणि महिनाअखेर आली की स्टॉकिस्टच्या हातापाया पडून टार्गेट भरणं. नर्सिंगच का, हे घरच्यांनाच अजून नीट पटलेलं नाही तर तुम्हाला काय पटवणार. एवढंच सांगतो की अकरा वर्षं वॉर्डाच्या दाराबाहेर बसून आत काय चालतं ते बघत होतो, आणि बाहेरच्यापेक्षा आतलं काम मला जास्त खरं वाटायचं. बायकोची नोकरी पक्की आहे म्हणून हे धाडस, ते नसतं तर आजही बॅग घेऊन फिरत असतो, खोटं कशाला बोला.

क्लासला गेलो त्या दिवशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पालकांची मीटिंग रविवारी असते." मी म्हटलं ताई, मीच पालक आणि मीच पाल्य. ती हसली नाही. फॉर्म दिला.

फी १८ हजार, अडीच महिन्यांची क्रॅश बॅच. त्याआधी अर्धा तास काउन्सेलिंग, आणि ते इतकं गंडलेलं होतं की मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. समोरच्या सरांनी ब्रोशरमध्ये पेनाने गोल करकरून मला कॉलेजं दाखवली, त्यात पहिला गोल एएफएमसीला, म्हणजे पुण्यातल्या लष्कराच्या मेडिकल कॉलेजला. अहो एएफएमसीचं नर्सिंग फक्त मुलींसाठी, ते मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये जातं, आणि तिथे 'नीट' ही देशपातळीवरची मेडिकलची परीक्षा लागते, ही सीईटी नाही. मी टाय नसला तरी मिशीसकट समोर बसलो होतो. मग म्हणाले शेजारच्या राज्यात "डायरेक्ट" होऊन जाईल, आपली ओळख आहे, टेन्शन नाही. त्या ओळखीचं कमिशन किती हे एमआरला सांगायला लागत नाही. ज्यांना कोणी असं डायरेक्ट म्हणेल त्यांनी आधी इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या यादीत ते कॉलेज आहे का ते बघा, आणि महाराष्ट्रातलं खासगी कॉलेज असेल तर त्याची ठरवून दिलेली फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार असते, ती बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

खरं काउन्सेलिंग मी घरी बसून स्वतःच केलं, ते इथे लिहितो कारण माझ्यासारखे अजून असणार. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी सायन्स पाहिजे, फिजिक्स केमिस्ट्री बायो आणि इंग्रजी, ओपनला पीसीबीत ४५ टक्के. माझी बारावी २०१० ची, ५८ टक्के, म्हणजे त्या मार्कांवर तेव्हा घरात जे बोलणं खाल्लं ते मार्क पंधरा वर्षांनी कामाला आले. बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सची असेल तर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्याला कुठलीही शाखा चालते, ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा, आणि वय १७ ते ३५. म्हणजे पस्तिशी जवळ आली असेल तर "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य विसरा. बीएस्सीची परीक्षा आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, जीएनएमची परीक्षा मुंबईच्या नर्सिंग आणि पॅरामेडिकल बोर्डाची. क्लासमधल्या निम्म्या पोरांना हा फरक शेवटपर्यंत माहीत नव्हता आणि क्लासने सांगितलाही नाही.

आता शिकवणं. बॅचमध्ये साठेक जण, बहुतेक अठरा-एकोणीसची, बरेचसे नीटचे रिपीटर. त्यांचं बारावीचं वर्ष अजून डोक्यात ताजं. फिजिक्सचे सर हुशार, पण ते शिकवत नव्हते तर आठवण करून देत होते. "हे माहितीच आहे" म्हणून फळ्यावर शेवटची ओळ लिहायची आणि पुढे. मला काहीच माहिती नव्हतं. बारावीचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, वळणावर सायकलवाला आत का झुकतो वगैरे, मी अकरा वर्षं बाइकवर वळणं घेतलीत पण ते सूत्रात आलं की मी कोरा. शंका विचारली तर मागच्या बाकावरून "काका पुन्हा" असा आवाज. पोरं वाईट नव्हती, नंतर त्यातलेच दोघं मला टपरीवर बसवून टॉर्क शिकवत होते आणि मी त्यांना चहा पाजत होतो, सौदा बरा होता.

अजून एक, माझ्यानंतर अभ्यासक्रमच बदललाय. अकरावीची पुस्तकं २०१९ ला बदलली आणि बारावीची २०२० ला, माझ्या माळ्यावरच्या जुन्या पुस्तकांचा उपयोग रद्दीला. क्लासने "एक्सक्लुझिव्ह नोट्स" म्हणून चार जाड बाइंडिंग दिली. पहिल्या आठवड्यात खूश. मग बालभारतीच्या साइटवरून पुस्तकाची फुकट पीडीएफ उतरवली आणि शेजारी ठेवून बघितलं तर परिच्छेदच्या परिच्छेद तोच, आकृतीसुद्धा तीच, फक्त खाली क्लासचा लोगो. त्या बाइंडिंगचे ओळखीवाल्या झेरॉक्सवाल्याने किती घेतले असते ते मी खाली विचारून आलो. सांगत नाही, मलाच त्रास होतो.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते मॉकवरून, म्हणजे सराव परीक्षांवरून. बीएस्सी नर्सिंगची सीईटी म्हणजे १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. कॉम्प्युटरवर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. आणि आमच्या मॉकला काय? कागदावर ओएमआर, गोल काळे करा, आणि चुकलं की मार्क वजा! नीटच्या बॅचचे पेपर असणार, तेच आमच्यापुढे सरकवलेले. मी आपला शहाण्यासारखा जे येत नाही ते सोडून द्यायचो, दर पेपरला वीस-बावीस प्रश्न कोरे, आणि महिनाभर ही सवय अंगात मुरली. शेवटी सीईटीचं माहितीपत्रक स्वतः वाचलं तेव्हा कळलं. सरांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "अरे त्याने डिसिप्लिन लागते." डिसिप्लिन! वीस प्रश्न अंदाजाने ठोकले तरी चार-पाच मार्क येतात साहेब. त्या दिवसापासून मी मॉकला एकही प्रश्न सोडला नाही आणि वजाबाकी घरी येऊन स्वतः काढून टाकायचो.

आता ते चांगलं.

अॅप्टिट्यूडला एक मॅडम होत्या. सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, आधी स्टाफ नर्स मग इन्चार्ज सिस्टर, सरकारी कागदावर स्टाफ नर्सला अधिपरिचारिका असा भारदस्त शब्द असतो तो त्यांनीच सांगितला, "आणि तुम्ही झालात तर अधिपरिचारक, पण वॉर्डात तुम्हाला सगळे ब्रदरच म्हणणार, मावशींपासून डीनपर्यंत, सवय करा." आठवड्यात दोनच लेक्चर. बाकी सर पीपीटी लावायचे, ह्या पिशवी घेऊन यायच्या.

एका मंगळवारी पिशवीतून सलाईनची बाटली निघाली, एक्स्पायर झालेली, आणि सेट, म्हणजे तिची नळी आणि थेंब कमी-जास्त करायची चाकी. बाटली त्यांनी खिडकीच्या गजाला टांगली, खाली रिकामी बिसलेरी. फळ्यावर लिहिलं, ५०० एमएल, ४ तास, सेट २० थेंबांचा, म्हणजे एक एमएलचे वीस थेंब. करा. पोरांनी पटापट केलं, ५०० गुणिले २० म्हणजे दहा हजार थेंब, चार तासांची २४० मिनिटं, भागलं की ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२. शाब्बास म्हणाल्या, आता या इथे आणि चाकी फिरवून ४२ पाडून दाखवा. झालं! साठातल्या एकालाही पहिल्या फटक्यात जमलं नाही. मी गेलो तर धारच लागली. उलटं फिरवलं तर बंद. त्या घड्याळ माझ्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "मिनिटभर मोजत बसू नका, तुमचे अजून तीस पेशंट आहेत. पंधरा सेकंद मोजा, दहा-अकरा थेंब आले पाहिजेत. आणि मोजताना नजर थेंबावर ठेवा, घड्याळ कानाने ऐका." घड्याळ टिकटिक करणारं होतं, मुद्दाम तसलं ठेवलेलं. चौथ्या वेळेला जमलं. मग म्हणाल्या, छान, आता पेशंटने हात वाकवला, आणि सेटची नळी थोडी दुमडली. थेंब मंदावले. "बघा, गणित बरोबर होतं ना?"

मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही इंजेक्शनं विकायचो. ते औषध शिरेत जातं ते ह्या चाकीवरून जातं, हे मला अकरा वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

परिस्थितीवरच्या प्रश्नांनाही त्यांची एकच पद्धत. चार पर्याय दिलेत, चारही बरोबर वाटतात, डॉक्टरांना बोलवा, नातेवाइकांना धीर द्या, बीपी घ्या, वगैरे. त्या म्हणायच्या आधी बघा श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास, मग रक्ताभिसरण, आणि ह्यात बसणारा पर्याय असेल तर तोच, धीर नंतर द्या. नॉर्मल आकडे तर झोपेतून उठवून विचारायच्या, मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. एका पोराने बीपी १२०/८० सांगितल्यावर विचारलं, "तुझं किती आहे?" त्याला माहीत नव्हतं. मशीन काढलंच पिशवीतून.

आणि एक दिवस लेक्चर संपल्यावर मला थांबवून घेतलं. मला वाटलं आता वयावरून काहीतरी. तर विचारलं, "पाठ कशी आहे?" मी म्हटलं बरी आहे, बाइकमुळे कधीकधी धरते. "आतापासून व्यायाम सुरू करा, पेशंट उचलताना तुमचं वय कोणी विचारणार नाही. आणि नाइट असली की घरी कोण बघणार ते बायकोशी बोला, अॅडमिशननंतर नको, आत्ता." अठरा हजार घेणाऱ्या त्या काउन्सेलरने हे विचारलं होतं का? त्याने मला मुलींचं कॉलेज दाखवलं होतं.

कागदपत्रांत क्लासची मदत शून्य, त्यामुळे तेही लिहून टाकतो. आपल्यासारख्यांची खरी परीक्षा ही आहे. दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोमिसाइल, नॅशनॅलिटी, आरक्षण असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि लागू असेल तर नॉन क्रीमी लेयर, हे सगळ्यांनाच. आपल्याला वर आणखी गॅप सर्टिफिकेट, म्हणजे मधली वर्षं मी कुठे होतो याचं अॅफिडेव्हिट. माझा गॅप बारा वर्षांचा. टायपिंगवाल्याच्या तयार मजकुरात "एक वर्ष" छापलेलं होतं, त्याने ते खोडून १२ केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. लिव्हिंग शेवटच्या कॉलेजचं लागतं, माझं म्हणजे बीएस्सी केमिस्ट्रीवाल्या कॉलेजचं, आणि ते मी २०१३ ला नेलंच नव्हतं. तिथल्या क्लार्कने रजिस्टर शोधायला तीन चकरा मारायला लावल्या. सीईटीचा फॉर्म भरायच्याही आधी हे सुरू करा. अॅडमिशनच्या राउंडला कॉलेज लागल्यावर हातात चारच दिवस असतात आणि त्यात एक रविवार असतोच.

माझं झालं का? झालं. दुसऱ्या राउंडला, पुण्यात नाही, घरापासून तीन तासांवर. फिजिक्सने मारलं, बायो आणि इंग्रजीने सावरलं आणि अॅप्टिट्यूडमध्ये मी बॅचच्या पोरांच्या पुढे होतो. चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलाल, असा प्रश्न माझ्यासारख्याला विचारणं म्हणजे फुकट मार्क, चिडलेल्या डॉक्टरांशी बोलण्यात तारुण्य गेलंय.

तर तीन स्टार. फिजिक्ससाठी जाऊ नका, बारावीचा एखादा पोरगा गाठा आणि चहा पाजा. नोट्स घेऊच नका. मॉकची पद्धत बदललीये का ते पैसे भरायच्या आधी विचारा. ट्रायल लेक्चर फुकट देतात, ते मंगळवारी किंवा शनिवारी मागा, मॅडम त्याच दोन दिवशी असतात. संध्याकाळची बॅच घेतली तर एसीच्या खाली बसू नका, पाणी गळतं. आणि गाडी लांब लावा, खालचा झेरॉक्सवाला हवा सोडतो.