बास ॲम्पचा बायस मोजायला प्रोब घ्यायचा की एक ओहमचा रेझिस्टर लावायचा?

गेल्या पावसाळ्यात गिरगावात प्रॅक्टिस चालू असताना माझ्या बास ॲम्पच्या दोनपैकी एका ६एल६ पॉवर ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) निखाऱ्यासारखी लाल झाली, मी येड्यासारखा बघत राहिलो आणि स्टँडबायला हात जाईपर्यंत फ्यूज गेलाच. जुना अमेरिकन पन्नास वॅटचा हेड आहे, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. त्याच्या दुरुस्तीत बायस, म्हणजे काही न वाजवता ट्यूबमधून वाहणारा करंट, मोजायचे दोन्ही प्रकार करून झालेत म्हणून लिहितोय. माझा कल कुठे आहे ते कळेलच, पण तुमचा ॲम्प वेगळा असेल तर तुमचं मत वेगळं पडू शकतं.

दुरुस्ती थोडक्यात सांगतो. ट्यूबच्या सॉकेटची पाच नंबरची पकड ढिली होती, त्यामुळे ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) निगेटिव्ह व्होल्टेज पोचतच नव्हतं, मग ट्यूबला आवरणार कोण. स्क्रीनच्या (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीच्या) ४७० ओहमच्या रेझिस्टरचा कोळसा झाला होता. चौपाटीची खारी हवा, त्यात पाऊस, सॉकेटच्या पकडी हिरवट पडल्या होत्या. दाभणाने त्या आवळल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, हे निगेटिव्ह व्होल्टेज देणाऱ्या बायस सप्लायचा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलला, आणि ट्यूब न लावताच दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनवर उणे पन्नासच्या आसपास येतंय ना ते बघितलं. मग नवी मॅच्ड जोडी घालून सिरीज बल्बवर (लाईनमध्ये बल्ब जोडून, म्हणजे बिघाड असेल तर तो करंट अडवेल) चालू केला. आई दारातून म्हणाली, "ॲम्प दुरुस्त करतोयस की बल्ब?" बल्ब आधी भडकला आणि मग मंद झाला, तेव्हा कुठे जीवात जीव आला. एक लक्षात ठेवा, बल्ब मध्ये असताना बायस लावू नका, व्होल्टेज खाली असतं, सगळे आकडे खोटे येतात.

आता प्रोब. सॉकेट आणि ट्यूबच्या मध्ये तो बसतो आणि ट्यूबचा करंट मीटरवर दाखवतो, चासी उघडायची नाही, सोल्डर करायचं नाही, ॲम्पचा मूळपणा शाबूत. तुमच्याकडे तीन-चार ॲम्प असतील किंवा मित्रांचे ॲम्प बघून देत असाल तर प्रोबच बरा, यात वादच नाही. मीही आधी तोच वापरला, एका मित्राने परदेशातून आणून दिला होता.

पण माझ्या ॲम्पला मागे जो पॉट (फिरवायचा रेझिस्टर) आहे तो एकूण बायस वरखाली करायचा नाहीच, दोन ट्यूब एकमेकींशी जुळवायचा आहे. चंदेरी पॅनेलच्या 'सिल्व्हरफेस' काळातल्या बऱ्याच फेंडर ॲम्पमध्ये असाच असतो. हा पॉट फिरवला की एक ट्यूब वर जाते आणि दुसरी खाली येते, आणि माझा प्रोब एकच! म्हणजे एका ट्यूबचं वाचन घ्या, बंद करा, ट्यूब गार व्हायची वाट बघा, चिमटा सैल करा, ट्यूब उपसा, प्रोब दुसऱ्या सॉकेटमध्ये घाला, चालू करा, स्थिर होईपर्यंत थांबा. पहिली ३८ मिलीअँपियर, दुसरी ४६. पॉट जरा फिरवला, दुसरी ४२ वर आली, छान, पण आता पहिली कुठे गेली? पुन्हा सगळी वरात उलटी. त्यात संध्याकाळ झाली, बिल्डिंगमधले एसी लागले, लाईन खाली आली, आणि मी कशाशी काय जुळवतोय हेच मला कळेना. शिवाय प्रोबमुळे ट्यूब उंच होते, चिमट्यात बसत नाही, आणि मुळात ज्या सॉकेटने घात केला त्यातच मी दहा वेळा काढघाल करत होतो. दोन प्रोबवाला मीटर मिळतो, तो घेतलात तर माझी अर्धी तक्रार मिटते, हे कबूल.

मग गेलो लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. एक ओहम, एक टक्कावाले मेटल फिल्म, अख्खी पुडी वडापावच्या भावात. तिथेच मीटर लावून बघितलं तर १.३ ओहम, मी लगेच तोंड वाकडं केलं. दुकानदार म्हणाला, "अहो साहेब, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघा." लावली तर ०.३. मीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स! गुपचूप पैसे दिले.

आठव्या पिनची (कॅथोडची, जिथून ट्यूबचा सगळा करंट जातो) तार चासीला सोल्डर केलेली होती, माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ती हललीसुद्धा नाही, शेवटी तार मध्येच कापून तिथे रेझिस्टर जोडला. उघडायच्या आधी फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, प्लग काढला तरी त्यात जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं. आणि चालू करताना स्पीकर जोडलेला हवाच.

त्यानंतर हिशोब सोपा झाला. रेझिस्टरच्या दोन टोकांवर एक मिलीव्होल्ट म्हणजे ट्यूबमधून एक मिलीअँपियर. माझ्या ॲम्पला प्लेटवर ४४० व्होल्ट येतात, ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, तिचे सत्तर टक्के म्हणजे २१ वॅट, म्हणजे साधारण ४८ मिलीअँपियर. मी बासला जरा थंडच ठेवतो, ४० च्या आसपास. (कॅथोडवर स्क्रीनचा करंटही मिसळून येतो, म्हणजे प्लेटचा खरा आकडा त्याहून थोडा कमीच.) एकूण पातळी खाली आणायला बायस सप्लायमधला एक रेझिस्टर बदलावा लागला, आणि मग दोन मीटर दोन ट्यूबच्या रेझिस्टरना लावून पॉट फिरवला, एक वर आणि एक खाली जाताना समोर दिसत होतं, पाच मिनिटांत दोन्ही ४१ वर. लाईन हलली तरी दोन्ही बरोबरच हलतात, जुळणी तशीच राहते.

आवाजात फरक? मला तरी नाही कळला, ई तार दणकून वाजवूनसुद्धा. विकताना कुणी "ओरिजिनल नाही" म्हणून भाव पाडेल कदाचित.

आता दोन तारा मागे बाहेर काढून ठेवल्यात, प्रॅक्टिसला निघायच्या आधी मीटर लावून बघतो. प्रोब कपाटात पडून आहे, कुणाला हवा असेल तर खुशाल न्या, फक्त पावसाळ्यात परत देताना डब्यात घालून द्या.