‘ओरिजिनल की’चे अडीच हजार आणि एका टिकेचे अठराशे

इंदूरमध्ये लॅपटॉप फॉरमॅटला टाकणार असाल, त्यातून हिशेबाचं काम करणारे असाल, तर हे आधी वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही. असा धंदा करणारं ते एकटंच दुकान नाही.

मी सियागंजमधल्या घाऊक किराणेवाल्यांची आणि क्लॉथ मार्केटमधल्या काही पेढ्यांची जीएसटीची कामं बघतो. एका पार्टीची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), तिची एक्सेल, बँक स्टेटमेंटची पीडीएफ, हे सगळं एकाच खिडकीत टॅब करून लावायचं आणि दुसरी पार्टी दुसऱ्या खिडकीत, अशी माझी पद्धत. ग्रुपी, टायडीटॅब्ज अशी सॉफ्टवेअरं यासाठी मिळतात. त्यातलंच एक मी रीतसर विकत घेतलेलं आहे. ज्याला ही सवय लागली त्याला ऑल्ट-टॅब दाबत बसणं नको होतं.

हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून एसएसडी बसवून विंडोज नवी टाकायला दिली. अकरा तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीची रिटर्न) भरायचं असतं, हे काउंटरवरच्या माणसाला माझ्याइतकंच पाठ होतं. “भिया, टेंशन मत लो, शाम को ले जाना. ओरिजिनल की डाल के दूँगा.” एसएसडीचे पैसे वेगळे, ‘ओरिजिनल की’चे, म्हणजे विंडोजच्या परवान्याच्या कोडचे, अडीच हजार वेगळे. पक्कं बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ असं छापलेली चिठ्ठी हातात दिली. जीएसटीवाल्याच्या हातात एस्टिमेटची चिठ्ठी!

घरी येऊन टॅबचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. खरेदीच्या ईमेलमधली की घातली, ती चाललीही. फोल्डर उघडले तर वर टॅब. वाटलं, झालं काम. पण टॅली काही केल्या टॅबमध्ये येईना. एक्सेल आणि पीडीएफ एकमेकांना चिकटायचे, टॅली मात्र सोवळ्यातल्या आजीसारखी लांब उभी.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढची फसवणूक त्यावरच उभी आहे. फोल्डरवर जे टॅब दिसत होते ते माझ्या सॉफ्टवेअरचे नव्हतेच. विंडोज ११ मध्ये 2022 च्या ऑक्टोबरपासून फाइल एक्सप्लोररला स्वतःचे टॅब आले आहेत. वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या एकत्र टॅब करायचा ‘सेट्स’ नावाचा प्रकार मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या चाचणी आवृत्त्यांत आणून पाहिला होता, पण तो पुढे गुंडाळला. त्यामुळे टॅली आणि एक्सेल एका खिडकीत हवे असतील तर बाहेरचं सॉफ्टवेअर लागतंच, आणि नुसत्या फोल्डरच्या टॅबवरून ते चालतंय की नाही हे कळत नाही.

दुकानात फोन केला. उत्तर तयारच होतं: “नई विंडोज में पुराना वाला नहीं चलता भिया, प्रो लेना पड़ेगा. लाइफटाइम है, अठारह सौ.” पैसे दुकानाच्या खात्यावर नव्हे, कोणा भलत्याच माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. एनीडेस्क (दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) लावून त्याने लांबूनच काहीतरी टाकलं, “एंटीवायरस ऑन मत करना, नहीं तो लाइसेंस उड़ जाएगा” म्हणाला, आणि टॅली खरोखर टॅबमध्ये आली. रिटर्न वेळेवर गेली. तक्रार कशाची करणार?

दिवाळीला पुण्याहून भाचा आला, त्याला काहीतरी प्रिंट काढायचं होतं. लॅपटॉप उघडल्याबरोबर म्हणाला, “मामा, ह्याचं डिफेंडर कोणी बंद केलंय?” डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस. त्याने ते चालू केलं आणि लगेच लाल चौकट आली: हॅकटूल, ऑटोकेएमएस. म्हणजे विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट झाल्यासारखी दाखवणारं चोरीचं अवजार. स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून त्याने एसएलएमजीआर, मग जागा सोडून स्लॅश डीएलव्ही असं टाइप केलं. जी चौकट आली तिच्यात ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ लिहिलेलं. ही पद्धत मोठ्या कंपन्यांसाठी असते. तिथे कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि एकदा झालेलं ॲक्टिव्हेशन 180 दिवसांपुरतं चालतं. लोकमान्य नगरातल्या माझ्या लॅपटॉपला कुठला आलाय सर्व्हर?

खरा संताप पुढे आला. लॅपटॉप घेताना त्यासोबत विंडोजची ‘होम’ आवृत्ती आली होती, आणि अशा लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच कंपनीकडून घातलेली असते. डिस्क बदलली तरी ती जात नाही. पुन्हा होम टाकली असती तर इन्स्टॉल होतानाच ती की आपोआप उचलली गेली असती आणि इंटरनेट लागताच ॲक्टिव्हेशन झालं असतं, एक पैसा न देता. पण दुकानदाराने टाकली विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती. होमची की प्रोला चालत नाही, म्हणून ‘की लागेल’. आजार त्यानेच लावला आणि औषधही त्यानेच विकलं.

आणि टॅबच्या सॉफ्टवेअरचं ते अठराशेचं ‘प्रो’? माझ्याच सॉफ्टवेअरची जुनी, क्रॅक केलेली आवृत्ती. टॅली चिकटत नव्हती याचं कारणही साधं होतं. दुकानदाराने टॅलीचा जुना डेटा प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये कोंबला होता. तिथे साध्या परवानगीने लिहिता येत नाही, म्हणून टॅलीच्या शॉर्टकटवर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची टीक मारून ठेवली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या खिडकीला साध्या परवानगीने चालणारा प्रोग्रॅम हात लावू शकत नाही, हा विंडोजचा व्हिस्टापासूनचा नियम आहे. एनीडेस्कवरून त्याने टॅबच्या प्रोग्रॅमलाही तीच टीक मारली, एवढंच.

भाच्याने डेटा डी ड्राइव्हवर हलवला, टॅलीला नवी जागा दाखवली, टीक काढली. मग सगळ्याचा बॅकअप घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवलं, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर होम घेतली आणि डिस्क पूर्ण पुसून टाकली. ॲक्टिव्हेशनच्या पानावर काहीही न विचारता ‘ॲक्टिव्ह’. माझं स्वतःचं टॅबचं सॉफ्टवेअर, माझीच की, आणि टॅली पहिल्या फटक्यात टॅबमध्ये.

दुकानात गेलो तर “बिल बताओ” म्हणाला. एस्टिमेटच्या चिठ्ठीवर ना शिक्का, ना जीएसटी नंबर. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, आणि यूपीआयच्या पैशांसाठी सायबरच्या 1930 वर. कुणाचं असं झालं असेल तर यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि ज्या नावावर पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तिथे तेच विचारतात. दुकानात लॅपटॉप देताना होम आहे की प्रो याचा फोटो काढा आणि तीच परत टाकायला सांगा.

पैशांचं दुःख एका बाजूला. डिफेंडर बंद, एनीडेस्कमध्ये दुकानदाराचा पासवर्ड कायमचा सेव्ह, आणि त्याच लॅपटॉपवर सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी पोर्टलचे पासवर्ड. एकेकाला फोन करून बदलून घेतले. सियागंजच्या एका शेठजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पासवर्ड बदलने का चार्ज अलग लगेगा क्या?”