दोन तास वीस मिनिटं

तलवारबाजीच्या एका व्हिडिओ गेमचा पहिला भाग मी तीनदा संपवला होता. तिसऱ्या खेपेला तर ढालवाल्या पहारेकऱ्यांच्या घोळक्यात मुद्दाम घुसायचो, कारण खरी मजा तिथेच होती. त्यामुळे दुसऱ्या भागाची घोषणा झाली तेव्हा मी फार विचार केला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. सगळ्यात महाग आवृत्ती घेतली. तीन दिवस आधी खेळायला मिळणार, आणि पुढे येणाऱ्या दोन जादा कथांचे पैसेही त्यातच. गेमचं नाव लिहीत नाही. नाव सांगितलं तर तुम्ही तेवढा एकच टाळाल, आणि हीच चलाखी दुसरीकडून तुमच्या गळ्यात पडेल.

ट्रेलर मी किती वेळा पाहिला ते सांगायला लाज वाटते. पावसातला पूल, नायक एकटा, समोर चौघे. एकाची तलवार अडवली, दुसऱ्याच्या छातीत लाथ, तिसऱ्याला कठड्यावरून खाली. कॅमेरा नेमक्या क्षणी नेमक्या बाजूला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दृश्यं गेमच्याच इंजिनमधली, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, आहेत. मी ते ‘खेळताना असंच दिसेल’ असं वाचलं. त्याचा अर्थ इतकाच की चित्र त्या इंजिनने काढलंय. त्यामागे कुणाचा अंगठा कंट्रोलरवर होता असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. पडद्यावर हेल्थ बार (किती जीव उरला ते दाखवणारी पट्टी) नव्हता, लॉक-ऑनची (कॅमेरा एकाच शत्रूवर खिळवल्याची) खूण नव्हती, बटणाची सूचना नव्हती. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

गेम सुरू केला त्या रात्री पहिली वीस मिनिटं ‘शेडर तयार होत आहेत’ (शेडर म्हणजे पडद्यावरचा रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्राम) या पट्टीकडे बघण्यात गेली. मग कटसीन, म्हणजे नुसतं बघायचं दृश्य. मग लढाई, आणि ती झकास होती! सुरुवातीच्या प्रकरणात नायकाकडे पहिल्या भागातल्या सगळ्या करामती तयार असतात: लाथ, पकड, ढाल फोडणारा वार. मी खूश. मध्ये एक फोन आला, गेम पॉज करून बोललो, परत बसलो. मग नायक कड्यावरून कोसळतो, ‘एक वर्षानंतर’ अशी पाटी येते, आणि त्याच्या हातात एक बोथट तलवार उरते. करामती सगळ्या गायब. घड्याळ पाहिलं: दोन तास वीस मिनिटं.

परताव्याचे नियम माहीत नसतील तर इथे नीट वाचा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे मागता येतात. २०२४च्या एप्रिलपासून, अधिकृत तारखेआधी मिळालेल्या दिवसांत खेळलेला वेळही त्यात धरतात. शेडरची पट्टी, पॉज, फोन, सगळं मोजलं जातं, कारण गेम चालूच असतो. सोनीच्या प्लेस्टेशन स्टोअरवर तर एकदा डाउनलोड सुरू झालं की, गेम सदोष असल्याशिवाय, विषय संपला. मी जिथून घेतला तिथेही मर्यादा दोन तासांचीच होती. चांगली लढाई त्या मर्यादेच्या अलीकडे आणि खरा गेम पलीकडे, हे मुद्दाम रचलं होतं का? शपथेवर नाही सांगू शकत. पण नवीन गेमची सुरुवात सगळ्यात जास्त घासूनपुसून ठेवतात, एवढं नक्की.

पुढचं काय सांगू? तो पूल आला. पाऊस होता, चौघे होते. जो पहारेकरी पहिल्या भागात चार वारांत आडवा व्हायचा त्याला आता चौदा लागले. मी मोजले. लाथ बाराव्या लेव्हलला उघडणार होती. तोवर स्किल ट्रीमधून (टप्प्याटप्प्याने नवी कौशल्यं उघडायचा तक्ता) मिळत होतं काय, तर ‘जड वाराची ताकद ३ टक्क्यांनी वाढली’. लॉक-ऑन केलं की कॅमेरा कठड्यात घुसायचा आणि मागचा गडी पडद्याबाहेरून पाठीत भाला घालायचा. धाकटी बहीण शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “दादा, तू त्याला मारतोयस की विनवतोयस?”

नेम माझाच चुकतोय असं वाटून मी खेळ रेकॉर्ड केला, पडद्यावर बटणं दिसतील असं लावलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. डॉजचं, म्हणजे वार चुकवायचं, बटण दाबल्यापासून नायक हलेपर्यंत १८ फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने हे ०.३ सेकंद झाले. कारण आधी मारलेला वार पूर्ण परत येईपर्यंत तो दुसरं काही ऐकतच नाही. असे संथ, जड गेम असतात आणि ते मला आवडतातही, पण तिथे शत्रूही तेवढाच संथ असतो आणि वार करण्याआधी इशारा देतो. इथला शत्रू त्याच ०.३ सेकंदात दोन वार करून मोकळा.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. हाणामारीच्या चांगल्या गेममध्ये तलवार लागताक्षणी दोन्ही आकृत्या काही फ्रेम थिजतात. याला हिट-स्टॉप म्हणतात. डोळ्याला ते जाणवतही नाही, पण हाताला वार ‘बसल्यासारखा’ वाटतो तो त्यामुळे. इथे तलवार पहारेकऱ्याच्या पोटातून धुरातून हात फिरवावा तशी जात होती आणि रक्त मागाहून उडत होतं. मी फसलो तो इथे. या प्रकारच्या गेममध्ये आपण पैसे देतो ते हाताला येणाऱ्या या अनुभवाचे, आणि व्हिडिओत तेवढंच दिसत नाही.

परीक्षणं कुठे होती? आम्ही जादा पैसे भरणारे खेळू लागल्यावर तीन दिवसांनी, विक्रीच्या अधिकृत दिवशी. तोपर्यंत समीक्षकांवर बंदी. हे काही नवीन नाही. २०२०च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ची आधी आलेली परीक्षणं फक्त पीसी आवृत्तीची होती, आणि त्यांत समीक्षकांना स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायची मुभा नव्हती. जुन्या कन्सोलवर गेमचे काय हाल आहेत ते लोकांना विकत घेतल्यावर कळलं, आणि सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काही महिने काढून टाकला. हे सगळं मी वाचलेलं होतं बरं का. वाचून विसरलो.

आता मी ट्रेलर बघत नाही. कुणीतरी अनोळखी माणूस गप्प बसून, हेल्थ बार दिसत असताना, तिसऱ्या-चौथ्या तासातली एखादी साधी झटापट खेळतोय असा न कापलेला व्हिडिओ शोधतो. तो मार खातो तेव्हा का खातो ते बघतो. पहिल्या भागाच्या श्रेयनामावलीत लढाईची रचना करणारी माणसं दुसऱ्या भागातही आहेत का, तेही ताडून पाहतो. माझ्या गेममध्ये नव्हती. हे मला शेवटची नावं सरकताना कळलं. होय, मी तो संपवला, पैसे दिले होते ना!

परताव्याचा अर्ज केला, अपेक्षेप्रमाणे नाकारला गेला. काल मेल आला: पहिली जादा कथा लवकरच येत आहे, आपण आधीच पैसे भरल्याबद्दल आभार. पहिलं चित्र पुलाचंच आहे. या वेळी बर्फ पडतोय.