विंडोज, मॅक का लिनक्स? लॅपटॉप बदलताना आपली माहिती कुठे जाते तेही बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून घरातल्या, ओळखीतल्या लोकांचे मला एकच फोन, आता काय करू. साताऱ्याच्या आत्याचा लॅपटॉप त्यातलाच, सातव्या पिढीचा आय थ्री, अजून व्यवस्थित चालतो, पण विंडोज ११ त्याच्यावर रीतसर बसत नाही कारण त्यांना इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर हवा. आत्या म्हणाली, "अरे, नवीन घेऊ का याच्यावरच दुसरं काही टाकून देतोस? आणि एक सांग, हे मशीन माझं काय काय बघत असतं?"

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा फार कमी लोक विचारतात, म्हणून त्यावर नीट लिहितोय. मी स्वतः ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना दोनच गोष्टी बघतो. आपल्याला न विचारता काय काय चालू ठेवलेलं असतं, आणि आपण नको म्हटलं तर ते खरंच थांबतं का.

आधी विंडोज ११, कारण बहुतेकांच्या गळ्यात तेच पडणार आहे. नवीन लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की एक पान येतं, लोकेशन, फाइंड माय डिव्हाइस, डायग्नोस्टिक डेटा, इंकिंग अँड टायपिंग, टेलर्ड एक्स्पीरियन्सेस, अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, अशी एकाखाली एक बटणं, आणि आपल्याकडे ती सगळी आधीच चालू करून ठेवलेली असतात. दुकानातला मुलगा सेटअप करून देतो तेव्हा खाली जाऊन अ‍ॅक्सेप्ट दाबतो आणि मोकळा होतो, आपल्याला ते पान दिसलेलंसुद्धा नसतं. त्यातलं डायग्नोस्टिक डेटावालं बटण चालू राहिलं की एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधून कुठल्या वेबसाइट बघितल्या, कुठलं अ‍ॅप किती वापरलं हे जातं, आणि एखादं अ‍ॅप क्रॅश झालं तर त्या वेळी मेमरीत जे होतं तेही जाऊ शकतं. त्यात तुम्ही उघडलेल्या फाइलचा काही भाग चुकून जाऊ शकतो असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे आत्या पेन्शनचा अर्ज टाइप करतेय आणि वर्ड बंद पडलं तर त्या अर्जाचा तुकडा बाहेर जाण्याची शक्यता आहे, आणि त्याला परवानगी दिली कोणी, तर दुकानातल्या त्या मुलाने.

ते बटण बंद करता येतं, सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक. पण त्याच्या खालचा जो रिक्वायर्ड डेटा आहे, मशीन कुठलं, त्यात काय आहे, अपडेट नीट बसला का वगैरे, तो होम आणि प्रो वर बंदच करता येत नाही. एंटरप्राइझ आणि एज्युकेशनवाल्यांना तो पूर्ण बंद करायची सोय आहे. हे मला अजिबात पटत नाही. कंपनीच्या मशीनला जो हक्क मिळतो तो घरी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनला का नाही?

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी, काय पाठवलं जातंय ते बघायला २०१८ पासून डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर म्हणून त्यांचंच अ‍ॅप आहे, स्टोअरमधून फुकट मिळतं, त्याच सेटिंगच्या पानावरून सुरू करा आणि एक दिवस बघत बसा. आणि हे सगळं आपोआप सुधारलं नाही. २०१६ मध्ये फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने, सीएनआयएलने, मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली की विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करतं, कुठलं अ‍ॅप उतरवलं आणि त्यावर किती वेळ घालवला हेसुद्धा, त्यानंतर २०१७ मध्ये बेसिक पातळीवरची माहिती जवळपास निम्मी केली गेली आणि मग ती नोटीस मागे घेतली गेली. म्हणजे निम्मी माहिती नसतानाही विंडोज चालतच होतं.

अकाउंटचं वेगळंच. होम आवृत्ती सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतेच, २०२२ पासून घरच्या वापरासाठी सेटअप केलं तर प्रो सुद्धा मागते, आणि ते टाळायच्या ज्या पळवाटा होत्या त्या एकेक करून बुजवत चाललेत. अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्ट होते आणि तिची रिकव्हरी किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते, पासवर्ड विसरणाऱ्या माणसाला हे वरदान आहे, पण कुलूप तुमचं आणि किल्लीची एक प्रत दुसऱ्याकडे, एवढं लक्षात ठेवून निवडा. आणि जुन्या विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळवायची जी सोय दिली त्यातला फुकटचा मार्ग काय, तर अकाउंटने लॉगिन करा आणि सेटिंगचा बॅकअप आमच्या क्लाउडवर चालू करा. ३० डॉलर भरायची तयारी असली तरी अकाउंट लागतंच. युरोपातल्या लोकांसाठी ती बॅकअपची अट काढून टाकली, तिथे कायदा कडक आहे म्हणून. तिथे एज ब्राउझर काढूनसुद्धा टाकता येतो. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा डीपीडीपी कायदा २०२३ मध्ये आला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, तोवर आपली बटणं आपणच बंद करायची.

आता विंडोजमधलं रिकॉल, कारण त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरतंय. मे २०२४ मध्ये जाहीर झालं, दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा म्हणजे नंतर 'ते मी कुठे वाचलं होतं' असं शोधता येतं. कल्पना उपयोगाची आहे हे मी मान्य करतो. पण सिक्युरिटीवाल्यांनी तपासलं तर स्क्रीनवरून वाचलेला सगळा मजकूर साध्या डेटाबेसमध्ये उघडा पडलेला, मशीनमध्ये घुसलेला कुठलाही व्हायरस तो उचलून नेऊ शकला असता. खूप ओरड झाली, लाँच पुढे ढकललं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते एन्क्रिप्शन लावून, विंडोज हॅलोने (म्हणजे चेहरा, बोट किंवा पिनने) ओळख पटवून आणि तुम्ही हो म्हटलं तरच चालू होईल अशा रूपात आलं. ते फक्त कोपायलट प्लस नावाच्या नव्या मशीनवर येतं, तुमच्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. तरीपण मे २०२५ मध्ये सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने आपल्या विंडोज आवृत्तीत स्क्रीनचा फोटो निघणारच नाही अशी सोय स्वतःहून चालू करून टाकली. समोरच्याच्या मशीनवर रिकॉल चालू असेल तर तुम्ही त्याला पाठवलेला मेसेज तिथे साठतो आणि तुमच्याकडे त्यासाठी बंद करायला बटणच नसतं, त्याची खरी मेख इथे आहे.

मॅकबद्दल आपल्याकडे समज असा की पैसे टाकले की प्रायव्हसी मिळाली. बऱ्याच अंशी ते बरोबर आहे. सेटअप करताना अ‍ॅपल अकाउंट नंतर बघू म्हणता येतं आणि मशीन चालू होतं, अ‍ॅनालिटिक्स पाठवू का असं वेगळं विचारलं जातं, आणि एखाद्या अ‍ॅपला कॅमेरा, माइक, डॉक्युमेंट फोल्डर हवं असेल तर मध्ये खिडकी येते. पण १२ नोव्हेंबर २०२० चा दिवस ज्यांच्याकडे तेव्हा मॅक होता त्यांना आठवत असेल. मॅकची बिग सर ही नवी आवृत्ती आली त्या दिवशी जगभरात लोकांची अ‍ॅप उघडेचनात, नेट बंद केलं की पटकन उघडायची. कारण अ‍ॅप उघडताना ते बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट अजून चालू आहे का हे मॅक अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारत होता आणि तो सर्व्हर त्या दिवशी मंदावला होता. हेतू चांगला, व्हायरसवालं अ‍ॅप अडवायचं. पण तो प्रश्न एन्क्रिप्ट न करता जात होता, म्हणजे तुम्ही साधारण कुठल्या कंपनीचं अ‍ॅप कधी उघडलं हे वाटेत बसलेल्या कोणालाही दिसलं असतं, आणि हे होतंय हे बहुतेक वापरणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. मग अ‍ॅपलने या तपासणीसोबत आयपी पत्ते नोंदवणं बंद केलं आणि जुन्या नोंदी पुसू असं जाहीर केलं.

सिरीचंही, म्हणजे अ‍ॅपलच्या बोलून वापरायच्या मदतनीसाचंही तसंच, २०१९ मध्ये बाहेर आलं की काही रेकॉर्डिंग माणसं ऐकतात, मग ते थांबवलं, संमती घेऊन परत सुरू केलं, आणि त्या सगळ्यावरचा अमेरिकेतला दावा २०२५ मध्ये ९.५ कोटी डॉलरवर मिटवला, चूक कबूल न करता. शिवाय आयक्लाउड ड्राइव्ह आणि फोटो एन्क्रिप्ट असतात खरे पण किल्ली अ‍ॅपलकडेही असते, अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत. मॅक घेतलात तर हे पहिल्याच दिवशी चालू करा, आणि त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण मग विसरलात तर अ‍ॅपलही मदत करू शकत नाही. माझं मत विचाराल तर मॅक विंडोजपेक्षा नक्की बरा, अ‍ॅपलचा मुख्य धंदा मशीन विकण्याचा आहे म्हणून, पण मशीन महाग पडतं आणि शेवटी विश्वासच ठेवायचा असतो.

लिनक्सवर मी जरा जास्त बोलणार. आत्याला मी लिनक्स मिंट सुचवलं, लिनक्सचाच फुकट मिळणारा एक प्रकार. इन्स्टॉल करताना नाव विचारतं, पासवर्ड विचारतं, टाइम झोन विचारतं, संपलं. ईमेल नाही, अकाउंट नाही, जाहिरातीचा आयडी नाही, कसली बटणं बंद करायची यादीच नाही. मिंट स्वतः कुठलाही वापराचा डेटा पाठवत नाही. अपडेट घेताना सर्व्हरला तुमचा आयपी दिसतो, तेवढं कुठेही होणारच.

पण लिनक्स म्हणजे आपोआप पवित्र असंही नाही. उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराने ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० आवृत्तीत काय केलं बघा, तुम्ही स्वतःच्या मशीनवरची फाइल शोधायला दोन अक्षरं टाइप केली की ती त्यांच्या सर्व्हरवर जायची आणि अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनने त्याला सरळ स्पायवेअर म्हटलं. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ त्याआधीच या टीकेवर म्हणाले होते की आमच्यावर विश्वास नाही? रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, तर तसाही आमच्याकडे आहे. लोकांना ते झोंबलं, पण बोलले ते खरंच होतं, जो तुम्हाला अपडेट पाठवतो त्याच्या हातात तुमचं अख्खं मशीन असतं, मग ती सिस्टीम कुठलीही असो. फरक इतकाच की सोर्स कोड कोणालाही बघायला उघडा असल्यामुळे लिनक्समध्ये हे लपून राहिलं नाही आणि नाराज लोकांना उठून दुसरीकडे जाता आलं. २०१६ च्या १६.०४ पासून ते मुळातच बंद येऊ लागलं. आता उबुंटू इन्स्टॉलनंतर मशीनची माहिती पाठवू का विचारतं, आणि नेमकं काय पाठवणार ते तिथेच उघडून दाखवतं. डेबियन या आणखी एका लिनक्समध्ये असाच प्रश्न येतो आणि आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं, मला ही पद्धत सगळ्यात आवडते.

मिंटमध्ये एक मात्र विसरू नका, त्यात येणारा फायरफॉक्स २०२२ पासून मोझिलाच्याच सेटिंगने येतो, त्यामुळे त्याचा तांत्रिक डेटा पाठवायचा टिक चालू असतो, सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन काढून टाका. आणि हे सगळं करून जर तुम्ही क्रोम टाकून गूगलला लॉगिन करणार असाल तर तुमचा बराचसा माग तिथूनच जाणार आहे, ऑपरेटिंग सिस्टीम बदलून तो थांबत नाही.

अडचणीही सांगतो, कारण मी स्वतः लोकांना लिनक्स टाकून दिलंय आणि परत काढूनही दिलंय. टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे अकाउंटंट लोकांनी लिनक्सच्या नादी लागू नका. डीटीपीवाले, ज्यांचं सगळं काम श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये आणि कोरल ड्रॉमध्ये अडकलंय, त्यांनीही नको. मराठी युनिकोड टायपिंगला मात्र काही अडत नाही, इनस्क्रिप्ट आहेच आणि फोनेटिकवाल्यांना कगप नावाचा मराठी लेआउट कीबोर्डच्या यादीतच मिळतो.

क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टीमवर चालणारा लॅपटॉप, त्याबद्दल थोडक्यात. ते गूगल अकाउंटच्या पायावरच उभं आहे, अतिथी म्हणून वापरता येतं पण रोजच्या कामाला त्याचा उपयोग नाही. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या डेटा संस्थेने हेल्सिंगोर पालिकेच्या शाळांमध्ये क्रोमबुक आणि गूगलची सेवा वापरायला बंदी घातली होती, कारण मुलांच्या माहितीचं काय होतं याचा धोका पालिकेने पुरेसा तपासला नव्हता. मुलांसाठी स्वस्त म्हणून घेणार असाल तर हे डोक्यात ठेवा.

तर ज्याचं काम मेल, व्हिडिओ कॉल, बँक आणि चार पत्रं एवढंच आहे आणि मशीन विंडोज ११ घेत नाही त्याने मिंट घ्यावं, २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट मिळवणार आहे आणि ४ जीबी रॅमवर बरी चालते. बजेट असेल आणि कटकट नको असेल त्याने मॅक. टॅली, डीटीपी, ऑफिसचं सॉफ्टवेअर यात अडकलेल्याने विंडोज ११, पण सेटअप स्वतः बसून करा, दुकानात नको, आणि डेस्कटॉप अन् डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चाललेत का तेही त्याच दिवशी बघा, ते बऱ्याचदा न विचारता चालू असतं.

मिंटकडे जाणाऱ्यांनी घाईने इन्स्टॉल करू नका, आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालू करून दोन दिवस वापरा, डिस्कला धक्का लागत नाही. आत्याकडे मी तेच केलं, वायफाय आणि कॅमेरा लगेच चालला, प्रिंटर मात्र केबलने जोडल्यावरच सापडला, कॅनडाला मुलाला एक कॉल लावून बघितला, आणि मग सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन, ते दुसऱ्या मशीनवर उघडतात का बघून, तिसऱ्या दिवशी विंडोज काढलं. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो, तो घेतला, आणि पासवर्ड आत्याने तिच्या डायरीत लिहिला, कारण त्याची प्रत बाकी कुठेच नाहीये.