पाच एकरात तीन जमिनी: मातीचा उभा छेद तपासून घेतल्याचा अनुभव

आमचं रान माण तालुक्यात, महादेवाच्या डोंगररांगेच्या उताराला. पाच एकर, एकाच तुकड्यात. वर माळ, खाली ओढा. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तोही येईल तेव्हा येईल. गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी आम्ही १४ वर्षं केरळात काढली. दोन वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन गावी आले आणि डाळिंब लावायचं मनात घेतलं. जागाही धरून ठेवली होती: ओढ्याकडचं दीड एकर. काळी, खोल जमीन, हातात घेतली की लोण्यासारखी. बागेला हीच, असं मला पक्कं वाटत होतं.

रोपांचे पैसे भरायच्या आधी एका खासगी प्रयोगशाळेकडून मातीचे खड्डे घेऊन उभा छेद तपासून घेतला. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. अशी सेवा आता बरेच जण देतात, आणि ती घेताना काय बघायचं एवढंच मला सांगायचंय. तीन खड्ड्यांची तपासणी ५,४०० रुपये. खड्डे आपणच काढून द्यायचे. जेसीबीवाल्याने १,२०० घेतले.

माझ्याकडे सरकारी मृद आरोग्य पत्रिका होती. सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, नत्र कमी, पालाश भरपूर. पत्रिकेत चूक काही नव्हती. पण तो नमुना वरच्या वीतभर मातीचा, आणि त्या योजनेत कोरडवाहू भागात १० हेक्टरांमागे एक नमुना घ्यायचे. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. माझं आख्खं रान त्या एका पिशवीत पाच वेळा मावलं असतं. खत किती टाकायचं ते पत्रिकेवरून कळतं, पण मुळं कुठवर जातील ते तिच्यात कुठून येणार?

मे महिन्यात, सकाळी साडेसातला, एक पंचविशीतला मुलगा आला. सोबत छोटा हातोडा, टेप, रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक, पातळ केलेल्या ॲसिडची बाटली आणि पाण्याचा फवारा. खड्ड्याची उन्हाकडची भिंत त्याने सुरीने साफ केली आणि वरून खाली एकेक थर वाचत गेला. हो, वाचतच गेला. प्रत्येक थराची चिमूट ओली करून बोटांत मळायची, पट्टी किती लांब निघते बघायची, रंग पुस्तकाशी जुळवायचा, मग ॲसिडचा थेंब. आमचे मामंजी ७८ वर्षांचे. बांधावर बसून राहणार होते, ते पहिल्याच खड्ड्यात उतरले.

पहिला खड्डा माळाच्या अंगाला. २२ सेंटीमीटर तांबूस-करडी भुरभुरीत माती आणि खाली सरळ काळा पाषाण. जेसीबीचे दात त्यावर नुसते घासले. मामंजी म्हणाले, "कुळवाची फास हितंच मोडायची. दर साली."

दुसरा मधल्या पट्ट्यात. ४८ सेंटीमीटर गडद तपकिरी माती, ३० सेंटीमीटरच्या खाली ॲसिड टाकलं की फसफसायची, म्हणजे तिथं चुना. त्याच्या खाली पिवळसर, हाताने फुटणारा मुरूम, सव्वा मीटरपर्यंत. त्या मुरमात बाभळीचं एक मूळ आडवंतिडवं फिरलेलं दिसत होतं. मुलगा म्हणाला, "ताई, ही भिंत लक्षात ठेवा." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

तिसरा माझ्या लाडक्या काळ्या पट्ट्यात. वरून भेगा, मामंजींची काठी हातभर आत गेली. दीड मीटर खणलं तरी काळीच. ७० सेंटीमीटरच्या आसपास त्याने एक ढेकूळ अलगद उकलून माझ्या हातावर ठेवलं. त्याची एक बाजू तिरपी आणि चकचकीत होती, घोटलेल्या पाटीसारखी. पावसात ही चिकणमाती फुगते, उन्हात आकसते, आणि मातीचे गड्डे एकमेकांवर दाबून सरकतात. त्या घासण्याने ती झिलई येते. उन्हाळ्यात वरची माती भेगांतून खाली पडते, पावसाळ्यात खालून वर ढकलली जाते. इतकी वर्षं पायाखाली ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरत होती. अशा जमिनीत झाडाची बारीक मुळं तुटतात. ज्वारी चार महिन्यांची, तिचं भागतं. डाळिंबाला तिथं पंधरा वर्षं काढायची असतात.

पावती फाडून नमुने घेऊन गेले ते १२ दिवसांत अहवाल देतो म्हणून. आला २६व्या दिवशी. १४ पानं, सगळी इंग्रजीत, रंगांचे नुसते आकडे. यावर माझा मनापासून राग आहे. माणच्या शेतकऱ्याला त्याच्याच मातीचा अहवाल वाचता येऊ नये, हे बरोबर नाही. शेवटच्या दोन पानांवर त्यांच्याच ओळखीच्या दुकानातल्या खतांची यादी होती. ती मी बाजूला ठेवली.

आणि एक मोठी चूक. माळाच्या खड्ड्यात मुक्त चुना ११ टक्के आणि मधल्यात नावापुरता असं छापलेलं. मी तर स्वतः बघितलं होतं: माळावरच्या मातीवर थेंब पडला तर बुडबुडाही आला नव्हता, फसफस मधल्यात झाली होती. फोन केला. पिशव्यांवर बॉलपेनने लिहिलेलं पुसलं होतं, नमुन्यांची अदलाबदल झाली होती. त्यांनी मान्य केलं आणि पैसे न घेता पुन्हा तपासून दिलं, आठ दिवसांत. मी खड्ड्यापाशी उभी नसते तर हे कधीच कळलं नसतं. डाळिंब चुना बऱ्यापैकी सोसतं, पण मोसंबी-लिंबाला चुना १० टक्क्यांवर गेला की जमीन चालत नाही, पानं पिवळी पडतात. एखाद्याने त्या चुकीच्या कागदावर लिंबं लावली असती तर?

वर्गीकरणाचं पान मी त्या मुलाला फोन करून अर्धा तास समजून घेतलं. तो पगारी माणूस, तरी कंटाळला नाही. वरची जमीन लिथिक उस्टॉर्थेंट्स, मधली टिपिक हॅप्लुस्टेप्ट्स, खालची टिपिक हॅप्लुस्टर्ट्स. नावं ऐकून घाबरू नका, ती शेवटाकडून वाचायची. 'एंट' म्हणजे एंटिसॉल, अजून थर न पडलेली कोवळी माती. 'एप्ट' म्हणजे इन्सेप्टिसॉल, थर पडायला लागलेली. 'एर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, उलथापालथ करणारी काळी. त्यात चिकणमाती निदान ३० टक्के लागते. तिन्ही नावांत मधे 'उस्ट' आहे, लॅटिनमधल्या 'भाजलेलं' या शब्दावरून, म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडी राहणारी. 'लिथिक' म्हणजे ५० सेंटीमीटरच्या आत कठीण खडक. आमच्याकडे बरड, मध्यम आणि काळी म्हणतात, ते तेच. मामंजींना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरोबर हाय की." त्यांना फक्त खालचा चकचकीत थर माहीत नव्हता.

तिन्ही जमिनी एकाच बेसाल्टच्या. वरची माती पिढ्यान्‌पिढ्या धुपून खाली गेली आणि ओढ्याकाठी साठली. आमच्या माळाची गरिबी आणि काळ्या पट्ट्याची श्रीमंती एकाच उताराने केली. अहवालाप्रमाणे माळाची माती जेमतेम २५ मिलिमीटर ओल धरते, काळी २०० च्या आसपास. पण काळीत ६० सेंटीमीटरखाली सामू ८.७ आणि विनिमययोग्य सोडियम ११ टक्के. अजून चोपण (सोडियमने बिघडलेली, पाणी न मुरणारी) झालेली नाही, पण त्या वाटेवर आहे. ठिबकचं पाणी तिथं मुरणार नाही, मुळाशी तुंबेल, आणि डाळिंबाला मर रोग लागायला तेवढं पुरतं.

म्हणून बाग मधल्या पट्ट्यात गेली, जिथं बाभळीचं मूळ मुरमात फिरलेलं दिसलं होतं. सव्वा एकर, साडेचार बाय तीन मीटरवर, भगवा जातीची ३७० झाडं. काळ्यात मालदांडी ज्वारी. माळावर हुलगा-मटकी आणि बाकी गवत.

सेवेला पाचापैकी चार देईन. एक गुण इंग्रजी अहवाल आणि पिशव्यांच्या गोंधळापायी कापला. खड्ड्यातल्या त्या तीन तासांना मात्र पैकीच्या पैकी.

घेणार असाल तर मेमध्येच घ्या, भेगा तेव्हाच दिसतात. खड्ड्यांच्या जागा उतार बघून ठरवा, बांध बघून नको. प्रत्येक थराचा फोटो टेप लावून काढून ठेवा, ॲसिडचा थेंब कुठं फसफसला ते स्वतः वहीत लिहा, आणि पिशवीवर मार्करने आपल्या हाताने नाव घाला. अहवाल मराठीत मिळेल का ते पैसे देण्याआधी विचारा. खड्डे पावसाआधी बुजवा, जनावर पडतं. आमचे दोन बुजवले. मधला मामंजींनी बाभळीच्या फांद्या लावून तसाच ठेवलाय, बघायला येणाऱ्यांना ते स्वतः उतरून मूळ दाखवतात.