गोटी सेट घ्यावा की रॅचेट आणि सुट्या गोट्या? घरी गाडीचे काम करणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात एकाच अंगणात मोटारसायकल, लहान चारचाकी आणि ट्रॅक्टर उभे असलेली घरे पुष्कळ आहेत. ऑइल बदलणे, चेन ताणणे, प्लग काढून पाहणे, चाक उतरवणे ही कामे घरच्या घरी करणारी माणसेही येथे कमी नाहीत. फिक्स पाने आणि रिंग पाने त्यांच्याकडे बहुधा असतातच. पुढची खरेदी गोटी सेटची, म्हणजे नट-बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या सॉकेटांच्या संचाची, ठरते, तेव्हा दुकानात तीन पर्याय समोर येतात. पहिला म्हणजे पाव इंची ड्राइव्हची, हजार रुपयांच्या आत मिळणारी ४६ नगांची प्लॅस्टिकची पेटी. दुसरा म्हणजे अर्धा इंची ड्राइव्हचा, साधारण १० ते ३२ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या असलेला नामांकित कंपनीचा सेट, ज्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. तिसरा पर्याय फार थोडे लोक विचारात घेतात : एक चांगला रॅचेट (गोटी एका दिशेने फिरवणारी आणि उलट नेताना मोकळी येणारी दांडी) आणि आपल्या वाहनांना लागतात तेवढ्याच सुट्या गोट्या. माझा कौल बहुतेक घरांसाठी या तिसऱ्या पर्यायाला आहे. तो सरसकट का नाही, हे ड्राइव्हच्या मापापासून पाहत गेल्यास स्पष्ट होईल.

ड्राइव्ह म्हणजे रॅचेटच्या डोक्यातून बाहेर आलेला चौकोनी दांडा, ज्यावर गोटी बसते. पाव इंच म्हणजे ६.३५, तीन सूत (३/८ इंच) म्हणजे सुमारे ९.५ आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आकडे पाहिले की अर्धा इंची दांडा पाव इंचीच्या दुप्पट वाटतो. पण पीळ सोसण्याची ताकद बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, पोलाद एकाच प्रतीचे असेल तर, अर्धा इंची दांडा पाव इंचीपेक्षा जवळजवळ ८ पट पीळ सोसतो. म्हणूनच ४६ नगांच्या पेटीतल्या रॅचेटने चारचाकीच्या चाकाचा नट सोडवू पाहणाऱ्याच्या हातात तुटलेला दांडा येतो. त्यात दोष पेटीचा कमी आणि निवडीचा जास्त असतो. कार्ब्युरेटरचे क्लॅम्प, बॅटरीचे टर्मिनल, साइड पॅनेल, मीटरची बैठक अशा हलक्या कामांसाठी ती पेटी अगदी योग्य आहे.

याउलट, मोठे ते सगळे चांगले असे मानून अर्धा इंची सेट घेणाऱ्याला वेगळा धोका असतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मोटारसायकलच्या इंजिनचे कव्हर धरणारे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर आट्यांचे असतात, त्यांचे डोके ८ किंवा १० नंबरचे, म्हणजे तेवढे मिलिमीटर रुंद, असते आणि ते साधारण १० न्यूटन-मीटरपर्यंतच (न्यूटन-मीटर हे पिळाचे माप) आवळायचे असतात. अर्धा इंची रॅचेटची दांडी सुमारे २५० मिलिमीटर लांब असते. तिच्या टोकावर ४ किलोचा रेटा दिला तरी १० न्यूटन-मीटर पूर्ण होतात, आणि एवढा रेटा हाताला जाणवतही नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतले आटे गेले, की एका बोल्टासाठी इंजिन उघडून आटे नव्याने घालून घेण्याची पाळी येते. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगचीही हीच गोष्ट आहे, कारण तो १० ते १२ न्यूटन-मीटरच मागतो.

तीन सूत ड्राइव्ह या दोन्ही टोकांच्या मधला आहे, आणि दुचाकी तसेच लहान चारचाकीच्या इंजिनवरच्या बहुतेक कामांना तोच सर्वांत योग्य बसतो. अडचण एवढीच, की तालुक्याच्या ठिकाणच्या हार्डवेअर दुकानांत पाव आणि अर्धा इंची माल भरपूर दिसतो आणि तीन सुताचा क्वचित. त्यासाठी बेळगावला किंवा कोल्हापूरला जाताना चौकशी करावी, अथवा दुकानदाराला मागवून द्यायला सांगावे. थांबणे परवडते, कारण हे साधन एकदा घेतले की वर्षानुवर्षे वापरले जाते.

आता खुद्द रॅचेटकडे वळू. त्याच्या डोक्यात दात्यांचे चक्र असते आणि त्या दात्यांत अडकणारी खिट्टी असते. दाते किती यावर, पुढचा दाता पकडण्यासाठी दांडी किती मागे न्यावी लागते, हे ठरते. २४ दात्यांना १५ अंश, ३६ दात्यांना १०, ७२ दात्यांना ५ आणि ९० दात्यांना ४ अंश लागतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण २०० मिलिमीटरच्या दांडीचे टोक १५ अंशांत सुमारे ५२ मिलिमीटर सरकते आणि ५ अंशांत सुमारे १७. टाकीखाली, चेसिसच्या नळीमागे किंवा चारचाकीच्या अल्टरनेटरजवळ जिथे हात जेमतेम आत जातो, तिथे ५२ मिलिमीटर जागा नसते आणि १७ मिलिमीटर बहुधा मिळते. म्हणून ७२ दाते ही घरच्या कामासाठी मला समाधानकारक मर्यादा वाटते. त्याहून बारीक दात्यांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही, आणि स्वस्त मालात १२० दाते असल्याची जाहिरात दिसली तर सावधच राहावे, कारण दाते जितके बारीक तितकी त्यांची आणि खिट्टीची घडण अचूक लागते, आणि ती अचूकता स्वस्तात मिळत नाही. २४ दात्यांचा जाड दात्यांचा रॅचेट मोकळ्या जागेत, विशेषतः ट्रॅक्टरवर, धूळ-चिखल सोसून उत्तम चालतो. त्याला कमी लेखू नये.

दात्यांच्या संख्येइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व उलट फिरताना होणाऱ्या अटकावाला आहे. नट हाताने फिरेल इतका सैल झाला, की खराब रॅचेट दांडी मागे नेताना नटही मागे फिरवतो आणि काम जागच्या जागी राहते. हे दुकानातच तपासता येते : दांड्यावर गोटी बसवून ती दोन बोटांनी हलकेच धरावी आणि दांडी मागे न्यावी, गोटी बोटांतून निसटत असेल तर तो रॅचेट परत ठेवावा. दिशा बदलणारा खटका तेलकट अंगठ्यानेही हलला पाहिजे, पण काम चालू असताना आपोआप सरकता कामा नये. गोटी सोडवण्याचे बटण असलेला रॅचेट थोडा महाग पडतो, आणि त्या बटणावर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत, कारण तेलाने माखलेली गोटी ओढून काढताना ती इंजिनच्या फटीत पडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

गोट्यांच्या बाबतीत सहा कोनी की बारा कोनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. आपल्या बाजारातल्या अर्धा इंची सेटांत बारा कोनी गोट्या अजूनही सर्रास असतात. त्यांची सोय अशी, की दर ३० अंशांनी त्या नटावर बसतात, तर सहा कोनी गोटीला ६० अंश लागतात. पण ही सोय फिक्स किंवा टी-हँडलसारख्या दाते नसलेल्या दांडीसोबत उपयोगी पडते. रॅचेट असेल तर गोटी एकदाच बसवायची असते, त्यामुळे तिचा फायदा जवळजवळ संपतो आणि तोटा तेवढा उरतो : बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांजवळच धरते, आणि गंजलेल्या किंवा आधीच झिजलेल्या नटाचे कोपरे ती लवकर गोल करते. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर दाब देते. आपल्याकडच्या वापरलेल्या, पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांसाठी सहा कोनीच घ्यावी. आणखी एक बारकावा असा, की काही स्वस्त गोट्यांच्या तोंडाशी आतून खोल उतार दिलेला असतो. नट सहज आत जातो खरा, पण पातळ डोक्याच्या बोल्टावर अशा गोटीची पकड अर्धीच बसते.

कोणती मापे लागतात हे वाहनाच्या घराण्यावर ठरते. जपानी वळणाच्या हिरो, होंडा आणि मारुतीमध्ये ८, १०, १२, १४, १७, १९ ही मापे येतात. ८ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टाला तिथे १२ चे डोके असते. युरोपीय वळणाच्या रचनेत त्याच बोल्टाला १३ चे डोके येते, आणि टाटा-महिंद्राच्या वाहनांत १३ नंबर पदोपदी लागतो. चाकाच्या नटाला मारुतीच्या बहुतेक गाड्यांत १९ आणि ह्युंदाईत २१ लागतो. म्हणून घरात दोन कंपन्यांची वाहने असतील तर १२, १३ आणि १४ या तिन्ही गोट्या हव्यात. पेटी घेताना १३ आहे का, हे उघडून पाहावे. १० ते १४ या मापांच्या लांब गोट्या आणि प्लगसाठी १६ ची लांब गोटी बहुतेक सेटांत नसते, ती सुटीच घ्यावी लागते. मग अर्धा इंची सेटमधल्या २७, ३० आणि ३२ च्या गोट्यांचे पैसे आपण कशासाठी दिले, असा प्रश्न दुचाकीवाल्याने स्वतःला विचारावा.

ट्रॅक्टर असलेल्या घरांचा विचार स्वतंत्र करायला हवा, आणि हुक्केरी-चिकोडी भागात उसाच्या वाहतुकीमुळे अशी घरे खूप आहेत. मॅसी फर्ग्युसनच्या, तसेच महिंद्राच्या जुन्या बी-२७५ घराण्यातल्या ट्रॅक्टरांवर इंची मापांचे नट-बोल्ट मोठ्या संख्येने आहेत. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९ ची गोटी तिथे चालून जाते. ५/८ इंच १५.८८ आहे, तिथे १६ भागते. पण १/२ इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ सैल बसते. आणि ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ बसतच नाही आणि १५ घातली तर कोपरे जातात. या दोन मापांच्या इंची गोट्या सुट्या घेणे हाच खरा उपाय आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या नटांना २०० न्यूटन-मीटरच्या पुढचा जोर लागू शकतो, तिथे पाऊण इंची ड्राइव्ह आणि लांब दांडीच हवी. अर्धा इंची रॅचेटला पाइप लावून तो जोर काढू नये.

याच कारणाने मी रॅचेटसोबत एक साधी, दाते नसलेली अर्धा इंची लांब दांडी घेण्याचा आग्रह धरतो. जाम झालेला नट पहिल्यांदा हलवणे हे रॅचेटचे काम नाही. ३० किलोचा जोर २५० मिलिमीटरच्या दांडीवर सुमारे ७५ न्यूटन-मीटर देतो, तर ६०० मिलिमीटरच्या दांडीवर सुमारे १८०. चारचाकीच्या चाकाचे नट साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटरवर आवळलेले असतात आणि गंजल्यावर त्याहून बरेच अधिक मागतात. छोट्या नटांसाठी घरातला रिंग पानाच हे पहिले काम करतो, आणि पुढचे रॅचेटवर सोपवता येते. बॅटरीवर चालणारी, ठोके देत नट फिरवणारी इम्पॅक्ट गन कोणाकडे असेल, तर तिच्यावर चकचकीत क्रोमच्या गोट्या कधीही लावू नयेत. त्या फुटून तुकडे उडतात. त्यासाठी काळ्या रंगाच्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात.

साध्या गोट्यांवर क्रोम व्हॅनेडियम असे कोरलेले असते, पण कोरलेल्या अक्षरांवरून पोलादाची प्रत कळत नाही. नाशिकची टपारिया किंवा लुधियाना-जालंधरकडच्या जुन्या निर्यातदार कंपन्यांचा माल ओळखीच्या दुकानातून बिलासह घेतला, तर नकली वस्तू गळ्यात पडण्याची भीती कमी होते. जांबोटी-खानापूरकडच्या पावसात स्वस्त मुलामा पहिल्या पावसाळ्यातच पापुद्र्यांनी सुटू लागतो, आणि सुटलेला क्रोमचा पापुद्रा ब्लेडसारखा बोट कापतो. जून ते सप्टेंबर गोट्या पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवाव्यात. रॅचेटच्या डोक्यात मात्र घट्ट ग्रीस भरू नये, कारण त्याने खिट्टी चिकटते आणि दाते सुटतात. पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात.

आता निवड. फक्त दुचाकी असेल तर तीन सुताचा ७२ दात्यांचा रॅचेट, ८, १०, १२, १३, १४, १७ या सहा कोनी गोट्या, १६ ची लांब प्लग गोटी आणि १२५ मिलिमीटरचे एक एक्स्टेन्शन घ्यावे. चारचाकी असेल तर यात अर्धा इंची लांब दांडी आणि चाकाच्या नटाची एक गोटी वाढवावी. एवढा संच अर्धा इंची पूर्ण सेटच्या किमतीच्या आसपास जातो, आणि त्यातला प्रत्येक नग वापरात येतो. ट्रॅक्टर हेच मुख्य वाहन असेल, तर मात्र अर्धा इंची पूर्ण सेट घेणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण तिथे २४ पासून ३२ पर्यंतच्या गोट्या खरोखर लागतात. ४६ नगांची पेटी या दोहोंपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही. ज्यांना सीटखाली किंवा डिकीत ठेवण्यासाठी हलके साधन हवे आहे, त्यांनी ती दुसरी खरेदी म्हणून जरूर घ्यावी.

२०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे कराचा दर एकच आहे, त्यामुळे केवळ कर वाचेल म्हणून कोल्हापूर गाठण्यात अर्थ उरलेला नाही; प्रश्न निवडीचा आणि बदलून मिळण्याचा आहे. ऑनलाइन मागवलेल्या रॅचेटचे दाते घसरू लागले तर तो परत पाठवण्याची मुदत बहुधा संपलेली असते, पण ओळखीचा दुकानदार तो कंपनीकडे पाठवून देतो. खिट्टी आणि स्प्रिंगचे सुटे भाग मिळतात का, हेही त्यालाच आधी विचारून घ्यावे. आणि जाताना आपल्या गाडीचे १० आणि १२ नंबरचे दोन बोल्ट खिशात घालून न्यावेत : गोटी त्यावर बसवून हलवून पाहिली, की कोणती घट्ट बसते आणि कोणती खेळते हे दुकानातच कळते.