सात महिने चार्टच्या ॲपवर: गेटवे ते खांदेरी

आमची बोट चोवीस फुटी, शिडाची, तिघांत मिळून घेतलेली आणि तिघांइतकीच जुनी. कील पाण्याखाली सव्वाचार फूट जाते. ऑक्टोबरात फोनवर चार्ट म्हणजे खोली दाखवणारा समुद्राचा नकाशा, भरती-ओहोटी आणि वारा असं सगळं एकत्र देणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली आणि मेमध्ये बोट वर ओढेपर्यंत जवळजवळ दर रविवारी ते वापरलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, अशा चार-पाच ॲपांत फरक एकोणीस-वीसचाच.

पैसे वसूल झाले ते भरतीच्या आलेखावर. आजवर आम्ही तिथीची पाऊणपट करायचो: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, चालून जातं. पण त्यातून वेळ कळते, पाणी किती ते नाही. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, दीड-दोन मीटरवरच अडतो. चार्टवरची खोली सर्वांत कमी पाण्याची धरलेली असते. समजा चार्टवर 0.8 लिहिलंय आणि ॲप त्या वेळेला भरतीचं पाणी 2.1 दाखवतंय, तर खाली 2.9 मीटर पाणी आहे, कील आरामात जाते. उधाणाची ओहोटी लागली असेल तर दोन तासांनी तिथेच चिखलात रुतून बसाल. मांडव्याला जेवण लांबलं की ही बेरीज मी हात धुताना करतो.

वाऱ्याचं तसं नाही. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई, मग दहा-अकराची ती घामट शांतता आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा, हे ॲप न उघडताही माहीत असतं. ॲपने सांगायला हवं ते एवढंच, की खारा वारा किती वाजता सुरू होईल, आणि नेमकं तेच चुकतं. कधी तास, कधी दोन तास. कारण समजल्यावर राग गेला. ॲप ज्या संगणकी हवामान मॉडेलांवरून अंदाज देतं, ती समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकासाठी एकच वारा काढतात; युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा, अमेरिकन त्याहून मोठा. गेटवेपासून उरणचा किनारा जेमतेम तेवढाच. म्हणजे आमचं अख्खं बंदर एखाद-दोन चौकोनांत मावतं, त्यात किनारा आणि दर्या वेगळा कसा दिसणार? दिवसभराचा अंदाज मात्र चांगला असतो. लाटांसाठी मी अजूनही हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचं पान बघतो, ते फुकट आहे.

आता जानेवारीची गोष्ट. थळसमोरच्या खांदेरी बेटाला वळसा घालून शेजारच्या उंदेरीच्या बाजूने परतत होतो, ओहोटी लागलेली. पुढचा सगळा रस्ता एका नजरेत यावा म्हणून मी नकाशा लहान केला होता. स्क्रीनवर स्वच्छ निळं पाणी. नाळेवर बसलेला मित्र ओरडला, "अरे, पुढे पाणी पांढरं होतंय!" टिलर (सुकाणूचा दांडा) पूर्ण ढकलला, शीड फडफडलं, बोट वळली. नंतर नकाशा दोन बोटांनी मोठा केला तर तिथे खडकांच्या खुणा, छोटे क्रॉस, ओळीने उभे. ते आधीही चार्टमध्ये होतेच. नकाशा लहान केला की गर्दी नको म्हणून असे तपशील गाळले जातात. ही अडचण एकाच ॲपची नाही, अशा सगळ्याच इलेक्ट्रॉनिक चार्टची आहे. 29 नोव्हेंबर 2014 ला व्हॉल्व्हो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही शर्यतीची बोट हिंदी महासागरात कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर चढली, त्यात हेही एक कारण होतं. व्यावसायिक नाविक, आमच्यासारखे रविवारवाले नव्हेत. (1679 साली याच खांदेरीला इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून मराठ्यांच्या उथळ होड्या रात्री रसद पोचवत. कसं जमत असेल, ते त्या दिवशी पोटातून कळलं.)

आता नियम असा: रस्ता आखला की तो बोटाने सरकवत, पूर्ण मोठा करून, टोकापासून टोकापर्यंत एकदा बघायचा. दहा मिनिटं लागतात. आणि डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचा कागदी चार्ट गादीखाली.

मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये कुठल्याच चार्टवर नाहीत. फेब्रुवारीत संध्याकाळी एक दोर पंख्यात गुंडाळला गेला, पालथं पडून भाजीच्या सुरीने कापला. त्यानंतर थळच्या एका तांडेलदादांना निघण्याआधी फोन करतो, "दादा, आज कुठे लावलीत?"

एप्रिलात आणखी एक गंमत. दुपारी दीडला उन्हात फोन इतका तापला की स्वतःच बंद पडला, आम्ही मांडव्याच्या तोंडावर. पंधरा मिनिटं बर्फाच्या डब्याजवळ धरला. फार जवळ नको, आत पाणी सुटतं. जुना हातातला जीपीएस तेव्हा कामाला आला, सेलवर चालणारा, रंगसुद्धा नसलेला.

बोट सध्या ताडपत्रीखाली आहे. वर्गणी संपायला आल्याचा मेल येऊन पडलाय. भरणार, पण वाऱ्याचं जादा पॅकेज काढून टाकून. त्या पैशांत फोनला सावली देणारं खोकं सुताराकडून करून घेतोय.